दोनशे नव्व्याण्णवावी नळी

१८४२ च्या उन्हाळ्यात पॅरिसमधल्या लष्करी भटारखान्यांतला पाव नारिंगी पडू लागला. भट्टीतून चांगला भाजून निघालेला पाव थोड्याच दिवसांत रंग बदलायचा, आणि मोडला की बोटांना गेरूसारखी भुकटी लागायची. प्रश्न सैनिकांच्या पोटाचा होता, त्यामुळे प्रकरण थेट युद्धमंत्र्यांपर्यंत गेलं. युद्धमंत्री होता मार्शल सूल्त, नेपोलियनच्या लढाया लढलेला म्हातारा सेनानी. त्याच्याकडे १८४३ मध्ये जो अहवाल गेला, तो लिहिला होता आन्सेल्म पायें या रसायनशास्त्रज्ञाने.

पायेंचं नाव या कथेत अगदी सुरुवातीलाच यावं हा मजेचा योगायोग आहे. दहा वर्षांपूर्वी, १८३३ मध्ये, याच माणसाने एका सहकाऱ्याबरोबर मोड आलेल्या सातूतून ‘डायस्टेज’ वेगळं काढलं होतं. पिठुळ पदार्थाची साखर करणारं हे द्रव्य म्हणजे शास्त्रज्ञांच्या हाती लागलेला पहिला विकर, आजच्या बोलीत एन्झाइम. विकर आणि नारिंगी बुरशी, दोन्ही गोष्टी पायेंच्या टेबलावरून गेल्या. पण त्या दोघांची गाठ पडायला आणखी शंभर वर्षं लागायची होती. त्याने एवढं मात्र नमूद केलं की या बुरशीचे बीजाणू पाव भाजण्याच्या आचेलाही दाद देत नाहीत.

आगीशी या बुरशीची सोयरीकच आहे. १ सप्टेंबर १९२३ ला भूकंपाने आणि त्यामागोमाग लागलेल्या आगींनी टोकियो बेचिराख झालं, तेव्हा काही दिवसांतच जळक्या झाडांवर नारिंगी थर चढला आणि जपानी अभ्यासकांनी त्याची नोंद केली. अर्थात तिचं काम केवळ नासाडीचं नाही. पश्चिम जावात शेंगदाण्याचं तेल काढून उरलेल्या पेंडीवर याच कुळातली बुरशी मुद्दाम वाढवतात. नारिंगी होऊन फुललेल्या त्या पेंडीला ओन्चोम म्हणतात आणि ती तळून खातात. आपल्याकडे जी पेंड म्हशीपुढे जाते, ती तिथे माणसाच्या पानात येते. १९०० च्या सुमारास एफ. ए. एफ. सी. वेंट या डच वनस्पतिशास्त्रज्ञाने जावातल्या या कामकरी बुरशीचा बारकाईने अभ्यास केला. वेंट हे आडनाव पुढे आणखी एकदा येणार आहे.

तोवर बुरशीच्या लैंगिक जीवनाचा पत्ताच नव्हता, म्हणून कुळही नीट ठरलं नव्हतं. ते ठरवलं अमेरिकेच्या कृषिखात्यातल्या शिअर आणि डॉज या दोघांनी, १९२७ मध्ये. संकरातून तयार होणाऱ्या काळ्या बीजाणूंवर मज्जातंतूंसारख्या उभ्या रेघा होत्या, म्हणून त्यांनी नाव दिलं न्यूरोस्पोरा. हे काळे बीजाणू रुजवायला मात्र महाकठीण. बर्नार्ड डॉजच्या काही बशा गरम भट्टीत राहून गेल्या. बाहेर काढून पाहिल्या तर आतले बीजाणू रुजलेले! चटका बसल्याशिवाय त्यांना जागच येत नव्हती. जळक्या झाडांवरच्या नारिंगी थराचं कोडं त्या भट्टीत बरंचसं सुटलं.

डॉजला आणखी एक गोष्ट वेड लावणारी वाटत होती. एका संकरातले आठ बीजाणू एका लांबट पिशवीत, शेंगेतल्या दाण्यांसारखे, ओळीने बसलेले असतात. सुईने एकेक दाणा क्रमाने उचलावा, वेगवेगळ्या नळीत रुजवावा, की आईबापांकडून कुणाला काय मिळालं याचा हिशेब डोळ्यांसमोर. फळमाशीत असा हिशेब शेकडो पिलं मोजून, सरासरीने मांडावा लागतो. फळमाशीवर आनुवंशशास्त्राचं सगळं साम्राज्य उभारलेल्या टॉमस हंट मॉर्गनच्या मागे डॉजने या बुरशीसाठी लकडा लावला. १९२८ मध्ये मॉर्गन कॅलिफोर्नियातल्या कॅल्टेकला गेला तेव्हा त्याच्या सामानात न्यूरोस्पोराच्या नळ्या होत्या. कार्ल लिंडग्रेन नावाच्या विद्यार्थ्याने तिथे तिच्या जनुकांचे पहिले नकाशे काढले.

त्याच सुमारास डॉजने कॉर्नेल विद्यापीठात एक व्याख्यान दिलं. ओळीतल्या आठ दाण्यांत कधी चार-चारचे गट पडतात, कधी दोन-दोनचे, ते का, हे त्याला उलगडत नव्हतं. श्रोत्यांत बसलेल्या, मक्यावर काम करणाऱ्या तरुण विद्यार्थ्यांना उत्तर चटकन सुचलं: गुणसूत्रांचे तुकडे आपसात बदलतात, त्याचा हा पुरावा. त्या विद्यार्थ्यांपैकी एक होता जॉर्ज बीडल.

बीडल हा नेब्रास्कातल्या वाहू गावच्या शेतकऱ्याचा मुलगा, जन्म १९०३ चा. घरची शेती ४० एकर. ती त्याने सांभाळावी असं वडिलांना वाटत होतं, पण शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी त्याला कॉलेजात ढकललं. मक्यावर पीएच.डी. करून तो कॅल्टेकला गेला आणि तिथल्या रिवाजाप्रमाणे फळमाशीला लागला. १९३५ मध्ये बोरिस एफ्रुसी या संशोधकाबरोबर काम करायला तो पॅरिसला पोचला. दोघांनी जो उद्योग मांडला तो ऐकूनच डोळे दुखावेत. फळमाशीच्या अळीच्या अंगात, पुढे जिचा डोळा होणार अशी एक इवलीशी चकती असते. ती काढायची आणि दुसऱ्या अळीच्या पोटात बसवायची. मोठी झालेली माशी पोटात एक जादा डोळा घेऊन जन्मते. तो डोळा कोणत्या रंगाचा होतो, हे पाहायचं.

शेंदरी डोळ्यांच्या वाणाची चकती साध्या माशीच्या पोटात वाढली की डोळा साध्या रंगाचा व्हायचा. म्हणजे यजमान माशीच्या रक्तातून तिला काहीतरी मिळत होतं, जे स्वतःला बनवता येत नव्हतं. अशा दोन वाणांच्या अदलाबदलीतून त्यांनी ताडलं की डोळ्याचा रंग पायऱ्यापायऱ्यांनी बनतो आणि एकेका जनुकाच्या ताब्यात एकेक पायरी असावी. पण ते ‘काहीतरी’ म्हणजे नेमकं काय?

हे शोधायला १९३७ मध्ये बीडलने स्टॅनफर्डमध्ये एक रसायनतज्ज्ञ नेमला, एडवर्ड टेटम. त्याच वेळी टेटमसमोर लोण्यातल्या जीवाणूंवर संशोधन करण्याची, बरीच भरवशाची, नोकरी होती. वडील विस्कॉन्सिनमध्ये औषधशास्त्राचे प्राध्यापक. माशांच्या डोळ्यांमागे लागून मुलगा धड रसायनशास्त्रात नाही आणि धड आनुवंशशास्त्रात नाही असा लटकणार, ही त्यांची काळजी. काळजी अगदीच निराधार नव्हती. टेटमने वर्षानुवर्षं माशा चिरडून, उकळून, गाळून ते द्रव्य हातात येईल इतक्या जवळ आणलं, आणि १९४० मध्ये जर्मनीत बुटेनांटच्या गटाने त्याची ओळख आधी जाहीर केली: किन्युरेनिन. शर्यत हरली होती.

१९४१ च्या सुरुवातीला टेटम विद्यार्थ्यांना निरनिराळ्या जीवांच्या पोषणावर शिकवत होता आणि बीडल मागे बसून ऐकत होता. कोणत्या बुरशीला कोणतं जीवनसत्त्व लागतं, कोणता जीवाणू काय स्वतः बनवतो, अशी ती यादी चालली होती. ऐकता ऐकता बीडलच्या डोक्यात सगळा खेळच उलटा झाला. आजवर ते हाती आलेलं उत्परिवर्तन, म्हणजे जनुकातला बदल, घेऊन त्यामागचं रसायन शोधत होते. त्याऐवजी ज्ञात रसायन घ्यावं आणि ते बिघडवणारं उत्परिवर्तन शोधावं! जीवनसत्त्वं आणि अमिनो आम्लं बाटल्यांत विकत मिळतात. जो जीव ती स्वतः बनवतो, त्याची जनुकं क्ष-किरणांनी बिघडवावीत. एखाद्याला ब-जीवनसत्त्व बनवता येईनासं झालं, तर तो साध्या अन्नावर वाढणार नाही आणि ते जीवनसत्त्व चमचाभर घातलं की वाढेल. माशा चिरडणं नाही, गाळणं नाही. वाढ झाली की नाही, एवढंच पाहायचं.

जीव कोणता घ्यायचा, याबद्दल बीडलला क्षणभरही शंका नव्हती. डॉजची बुरशी.

इथे टेटमच्या आयुष्यातलं एक जुनं वर्ष कामी आलं. स्टॅनफर्डला येण्याआधी तो नेदरलँड्समध्ये उट्रेख्टला फ्रिट्स क्योगलकडे होता आणि क्योगलनेच १९३६ मध्ये बायोटिन हे जीवनसत्त्व शुद्ध स्वरूपात मिळवलं होतं. न्यूरोस्पोराची भूक तपासली तर ती अगदीच साधी निघाली: साखर, काही क्षार, आणि बायोटिन. बाकी सगळं, म्हणजे वीसच्या वीस अमिनो आम्लं आणि उरलेली सारी जीवनसत्त्वं, ती स्वतः रांधते. बायोटिनही तेव्हा नुकतंच बाजारात मिळू लागलं होतं. हाच बेत पाच वर्षं आधी सुचला असता तर तो बायोटिनपाशीच अडला असता.

बेत असा. बीजाणूंवर क्ष-किरण सोडायचे. त्यांचा विरुद्ध प्रकारच्या बुरशीशी संकर करायचा. त्यातून आलेला एकेक काळा बीजाणू सुईने उचलून, चटका देऊन, पौष्टिक अन्नाच्या नळीत लावायचा. त्यात यीस्टचा अर्क आणि मॉल्ट, म्हणजे पंचपक्वान्नांचं ताट. तिथे वाढला की त्याचा जरासा अंश उपवासाच्या नळीत टाकायचा, जिथे फक्त साखर, क्षार आणि बायोटिन. ताटावर वाढणारा पण उपवासात खुंटणारा वाण सापडला, की त्याच्यापुढे एकेक पदार्थ ठेवून पाहायचं: कशाने वाढतो?

इतकी उत्परिवर्तनं होतील तरी का, याची खात्री नव्हती. दोघांनी ठरवलं की निराश होण्याआधी पाच हजार वाण तपासायचे. तेवढी वेळ आलीच नाही. २९९ क्रमांकाच्या नळीतली बुरशी उपवासात हलेना. बी-६ जीवनसत्त्व, म्हणजे पिरिडॉक्सिन, घातल्यावर वाढू लागली. पुढे १०९० क्रमांकाच्या वाणाला बी-१ लागत होतं. तिसऱ्या एका वाणाला पॅरा-अमिनोबेंझॉइक आम्ल.

पाच हजारांची तयारी आणि तीनशेच्या आत यश, यात नशीब नव्हतं असं कोण म्हणेल! पण वाण सापडणं आणि जनुक सापडणं यात फरक असतो, आणि तो फरक डॉजच्या शेंगेने मिटवला. २९९ चा साध्या बुरशीशी संकर केल्यावर पिशवीतल्या आठ दाण्यांपैकी चार बी-६ शिवाय वाढले, चार नाहीत. म्हणजे एकच जनुक बिघडलेलं. नोव्हेंबर १९४१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात हा निबंध आला. जेमतेम काही पानांचा. दुसऱ्या महिन्यात पर्ल हार्बरवर बॉम्ब पडले आणि जगाचं लक्ष वेगळीकडे गेलं.

त्याआधी बीडल हे सांगायला कॅल्टेकला गेला होता. नॉर्मन हॉरोविट्झ तेव्हा तिथे तरुण संशोधक होता आणि त्याने या भाषणाची आठवण लिहून ठेवली आहे. बीडल अर्धाएक तास बोलला आणि थांबला. सगळे गप्प. आणखी काही सांगायचं असेल असं श्रोत्यांना वाटलं. एवढ्या मोठ्या गोष्टीला एवढंच भाषण कसं पुरेल? शेवटी एक वनस्पतिशास्त्रज्ञ उठला आणि विद्यार्थ्यांना उद्देशून म्हणाला की जीवशास्त्र अजून संपलेलं नाही याचा हा पुरावा आहे. तो होता फ्रिट्स वेंट. जावात नारिंगी पेंडीचा अभ्यास करणाऱ्या वेंटचा मुलगा, आणि स्वतः वनस्पतींची वाढ चालवणाऱ्या ऑक्सिन या संप्रेरकाच्या शोधासाठी जगभर ओळखला जाणारा. बापाची बुरशी, मुलाचा विषय वाढ. कादंबरीकाराने असा प्रसंग घातला असता तर संपादकाने ‘फार जुळवून आणलंय’ म्हणून छाटला असता.

वाढ मोजायची तरी कशी? बुरशी म्हणजे काही मूल नाही, भिंतीला टेकवून उंची लिहायला. यासाठी स्टॅनफर्डच्या प्रयोगशाळेत जे साधन वापरात आलं ते इतकं साधं आहे की आजही शाळेत करता येईल. हातभर लांबीची काचेची नळी, दोन्ही टोकं वर वळवलेली, आत अर्ध्यापर्यंत अगर. एका टोकाला बुरशी लावायची. तंतूंची आघाडी सरळ रेषेत पुढे सरकते आणि दर काही तासांनी काचेवर पेन्सिलीने रेघ मारायची. दोन रेघांमधलं अंतर म्हणजे वेग. फ्रान्सिस रायनने बीडल आणि टेटमसह १९४३ मध्ये या पद्धतीवर सविस्तर निबंध लिहिला. निरोगी न्यूरोस्पोरा ताशी तीन-चार मिलीमीटर धावते. घड्याळाच्या तासकाट्याशी तिची शर्यत लावायला हरकत नाही. २९९ ला मात्र बी-६ जितकं तोलून द्यावं तितकीच ती पुढे जाणार. त्यामुळे उलटही करता आलं: अन्नात किती बी-६ आहे हे ठाऊक नसेल, तर २९९ ला विचारा. युद्धकाळात अन्नातली जीवनसत्त्वं आणि अमिनो आम्लं मोजायला न्यूरोस्पोराचे असे उपाशी वाण कामाला लागले.

हॉरोविट्झ त्या भाषणाने असा भारावला की पुढच्याच वर्षी तो स्टॅनफर्डला दाखल झाला. त्याने आणि एड्रियन सर्बने १९४४ मध्ये जे काम केलं, ते माझ्या मते या सगळ्या कथेतलं सर्वांत देखणं. आर्जिनिन या अमिनो आम्लाविना न वाढणारे पंधरा वाण त्यांनी घेतले. संकर करून पाहिले, तेव्हा या पंधरांमागे सात वेगवेगळी जनुकं निघाली. मग प्रत्येकाला खायला दिलं. सातांपैकी चार जनुकांचे वाण ऑर्निथिन, सिट्रुलिन किंवा आर्जिनिन यांपैकी काहीही चालवून घेत. दोन जनुकांच्या वाणांना ऑर्निथिन चालेना, पण सिट्रुलिन चाले. एका जनुकाचा वाण आर्जिनिनच मागे. भाकरीचं उदाहरण घ्या: एका घरी जातं मोडलंय, एका घरी परात नाही, एका घरी तवा नाही. पहिल्याला पीठ द्या, कणीक द्या, भाकरी द्या, चालेल. तवा नसलेल्याला पीठ देऊन काय उपयोग? कुणाला काय चालतं एवढ्यावरून स्वयंपाकाच्या पायऱ्या आपोआप कळतात: आधी ऑर्निथिन, मग सिट्रुलिन, मग आर्जिनिन. हाच क्रम हान्स क्रेब्सने १९३२ मध्ये सस्तन प्राण्यांच्या यकृतात पाहिला होता. पावावरची बुरशी आणि यकृत यांच्या चुली सारख्याच निघाल्या.

प्रत्येक पायरीला एक विकर, प्रत्येक विकरामागे एक जनुक. १९४८ मध्ये हॉरोविट्झने या विचाराला ‘एक जनुक, एक विकर’ असं नाव दिलं. नाव सुटसुटीत होतं, पण पटलं फार थोड्यांना. भौतिकशास्त्रातून जीवशास्त्रात आलेल्या माक्स डेलब्रुकने १९४६ मध्येच बोट ठेवलं होतं: एखादं जनुक एकाच वेळी अनेक कामं करत असेल, तर ते बिघडल्यावर बुरशी मरेलच, तुमच्या नळीत ती दिसणारच नाही. तुम्ही चाळणीच अशी घेतली आहे की तुम्हाला हवं तेच वर राहतं. आक्षेप चोख होता. हॉरोविट्झने उर्स लॉयपोल्डबरोबर १९५१ मध्ये त्याला बगल दिली नाही, तर तापमानाचा वापर केला. २५ अंशांना नीट वाढणारे आणि ३५ अंशांना बिघाड दाखवणारे वाण त्यांनी गोळा केले. ज्यांच्या बिघाडाने बुरशी मरते, अशाही जनुकांचा अशा वाणांत पत्ता लागतो. त्यांची गणती डेलब्रुकच्या शंकेच्या बाजूने गेली नाही. तरीही त्या वर्षीच्या कोल्ड स्प्रिंग हार्बरच्या परिषदेत आपल्या बाजूचे लोक एका हाताच्या बोटांवर मोजता येतील, असं बीडलला वाटत होतं.

लंडनचा डॉक्टर आर्चिबाल्ड गॅरड हेच चाळीस वर्षं आधी बोलून गेला होता. काही बाळांची लघवी हवेत काळी पडते. हा रोग मेंडेलच्या नियमाने चालतो असं तो १९०२ पासून सांगत होता, आणि तो एक विकर नसल्याने होतो असंही पुढे म्हणाला. कुणी फारसं ऐकलं नाही. १९५८ मध्ये बीडल आणि टेटमला, तसंच टेटमचा विद्यार्थी जोशुआ लेडरबर्गला नोबेल मिळालं, तेव्हा बीडलने आपल्या भाषणात गॅरडचा मान त्याला दिला. ‘एक जनुक, एक विकर’ हे सूत्रही पुढे सुधारून घ्यावं लागलं, कारण काही प्रथिनं एकाहून अधिक साखळ्यांची असतात आणि प्रत्येक साखळीमागे वेगळं जनुक असतं.

बहुतेक पुस्तकांत न्यूरोस्पोराची कथा नोबेलपाशी संपते. तिचा दुसरा अर्धा भाग त्याआधीच सुरू झाला होता. वाढ थांबली की नाही हा प्रश्न सुटला होता; वाढ कशी होते, तिला आकार कोण देतो, हा प्रश्न बाकी होता आणि टेटम त्याच्याच मागे लागला.

न्यूरोस्पोराचा तंतू म्हणजे एक लांब नळी. ती फक्त टोकाला वाढते. आतून भिंतीचं सामान टोकाकडे वाहून नेलं जातं आणि तिथेच नवी भिंत उभारली जाते. मधूनमधून फांदी फुटते. फांद्या किती आणि किती अंतरावर, यावर बुरशी बशीभर पसरणार की बटणाएवढी गोळा होऊन बसणार हे ठरतं. प्रयोगशाळेत या पसरण्याचा जाचच असे: दोन बीजाणू लावले की संध्याकाळपर्यंत सगळं एकमेकांत गुंतलेलं. १९४९ मध्ये टेटम आणि त्याच्या सहकाऱ्यांना आढळलं की अन्नात सॉर्बोज ही साखर घातली तर साधी न्यूरोस्पोराही पसरायचं सोडून घट्ट, सुटे ठिपके करून वाढते. जनुक बदललेलं नाही, तरी आकार बदललेला. सॉर्बोज काढली की पुन्हा पूर्ववत. तेव्हापासून जगभरच्या न्यूरोस्पोरा प्रयोगशाळांत सॉर्बोजची बरणी असतेच.

आणि असे वाण होते जे सॉर्बोजशिवायच तसे वागत. त्यांना नावं ठेवणाऱ्यांनी हौस भागवून घेतलेली दिसते: बटण, फुगा, हिमकण, दंव, कुरकुरीत, चिंधी, दोरखंड. १९६६ मध्ये टेटमने स्टुअर्ट ब्रॉडीबरोबर अशाच एका गोळा होऊन वाढणाऱ्या वाणाची चौकशी केली. बिघाड सापडला तो साखरेच्या पचनातल्या एका विकरात, ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजनेजमध्ये. नवजात बाळांच्या तपासणीत आज ‘जी-सिक्स-पीडी’ म्हणून ज्याची चौकशी होते, तोच हा विकर. रसायनातला बिघाड आकारापर्यंत कसा पोचतो, याचा धागा हाती लागला. ‘कुरकुरीत’ वाणात पेशीत निरोप पोचवणारा एक रेणू बनवणारा विकरच नव्हता, हे नंतरच्या दशकात कळलं.

सगळ्या बिघाडांचं मूळ गुणसूत्रांत असेलच असंही नाही. मेरी आणि हर्शेल मिचेल या दांपत्याने १९५२ मध्ये ‘पोकी’, म्हणजे रेंगाळणारा, वाण जाहीर केला. नळीत इतर बुरशी दौडत असताना हा मागे कुथत राहतो. संकरात ही संथपणाची खोड फक्त आईकडून येत होती. बाप कोणताही असो, काही फरक नाही. दोष पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांत होता, मायटोकाँड्रियात. १९६५ मध्ये टेटमच्या प्रयोगशाळेने अशाच एका विकृत वाणातले मायटोकाँड्रिया निरोगी तंतूत सूक्ष्म सुईने टोचले आणि ती विकृती निरोगी बुरशीत उतरली. फळमाशीच्या पोटात डोळे बसवणाऱ्यांच्या परंपरेला शोभेल असाच प्रयोग. त्याआधी, ‘पोकी’नंतर तीन वर्षांनी, १९५५ मध्ये, मेरी मिचेलने बी-६ न बनवणाऱ्या वाणांचा आपसात संकर करून आठ दाण्यांच्या ओळीत चार-चारचा हिशेब मोडणाऱ्या पिशव्या दाखवल्या. जनुकाच्या आतल्या आत होणाऱ्या एकतर्फी बदलाचा तो पुरावा, आणि तोही २९९ च्या आजाराच्या वाणांमधून.

वाढीच्या आकाराचा सर्वांत मोठा दरवाजा मात्र एका तापट वाणाने उघडला. २५ अंशांना तो अगदी साधा. ३२ अंशांच्या वर गेला की तंतू पुढे जाणं थांबतं आणि भराभर फांद्या फुटून बटण तयार होतं. नाव ‘कॉट-१’. तापमान हा जणू त्याचा दिव्याचा खटका. १९९२ मध्ये चार्ल्स यानोफ्स्कीच्या प्रयोगशाळेत, पुन्हा स्टॅनफर्डलाच, ओडेड यार्डेन आणि सहकाऱ्यांनी हे जनुक वेगळं काढलं. त्यात साखर पचवणारा विकर नव्हता. दुसऱ्या प्रथिनांवर फॉस्फेट चिकटवून त्यांना चालू-बंद करणारा विकर होता. त्याच घराण्यातली प्रथिनं यीस्टपासून माणसापर्यंत सापडतात, आणि माणसात त्यांतली काही पेशींची वाढ कधी थांबवायची हे ठरवतात. ती बिघडली तर कर्करोगाला वाट मिळते.

कॉट-१ चा हट्ट कुणी मोडू शकतं का, हे पाहताना आणखी गंमत झाली. गरमीतही थोडं पसरू लागलेले वाण शोधले, तर त्यांतले बरेच जुने ‘दोरखंड’ निघाले. १९९४ मध्ये कळलं की दोरखंडांची जनुकं डायनिन या प्रथिनाची आणि त्याच्या साथीदारांची आहेत. डायनिन म्हणजे पेशीतला हमाल. रुळांसारख्या तंतूंवरून ओझी ओढून नेणारा. हमाल बसला की तंतूत पेशीकेंद्रकं नीट वाटली जात नाहीत आणि तंतू दोरखंडासारखे पिळवटतात. ज्या लोकांनी बशीत पिळवटलेला तंतू पाहून गमतीने नाव ठेवलं होतं, त्यांनी नकळत हमालावरच बोट ठेवलं होतं.

त्याच काचेच्या नळीत एक घड्याळही निघालं. काही वाणांच्या आघाडीवर दिवसातून एकदा नारिंगी पट्टा उमटतो, अंधारातही, साधारण २२ तासांनी. १९७३ मध्ये जेरी फेल्डमन आणि मेरियन हॉयल यांनी असे वाण शोधले ज्यांचे पट्टे कमी किंवा जास्त तासांनी येत. त्या जनुकाचं नाव ‘फ्रीक्वेन्सी’. १९८३ मध्ये या नळ्या अमेरिकेच्या अंतराळयानातून पृथ्वीच्या रात्रंदिवसापासून दूर नेल्या गेल्या, तरी पट्टे उमटतच राहिले.

एप्रिल २००३ मध्ये न्यूरोस्पोराचा पूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला: सात गुणसूत्रं, सुमारे चार कोटी अक्षरं, सुमारे दहा हजार जनुकं. आता संशोधक यादीतलं जनुक निवडतात, ते काढून टाकतात आणि वाढ कशी बदलते ते पाहतात. क्ष-किरण सोडून, पाच हजारांची तयारी करून बसायची गरज उरलेली नाही. नळी मात्र तीच, पेन्सिलीची रेघही तीच.

या साऱ्या प्रयोगांतल्या वाणांचं मूळ गाव विचारलं, तर ते अमेरिकेतल्या लुइझियानाचा ऊसपट्टा. तिथल्या उसाच्या चिपाडांवरून आलेले वाण लिंडग्रेनपासून बीडलपर्यंत पोचले. उसाशी या बुरशीचा घरोबा भारतातही दिसतो. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले रमेश महेश्वरी आणि अपर्णा पंडित यांनी उसाच्या शेतात तिच्या जीवनक्रमाचा पाठपुरावा करून १९९६ मध्ये तो प्रसिद्ध केला. उसाचं पाचट पेटवलं की जळक्या कांड्यांवर थोड्याच दिवसांत नारिंगी लोकर उगवते आणि वाऱ्यावर भुकटी उडते. बीजाणूंना जागं करणारा चटका शेतानेच दिलेला असतो. स्टॅनफर्डचा डेव्हिड पर्किन्स अशा जळक्या रानांच्या शोधात देशोदेशी फिरला आणि त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी हजारो वाण जमवले. काम सोपं होतं. निर्जंतुक कागदाचा तुकडा नारिंगी भुकटीला टेकवायचा, छोट्या पाकिटात घालायचा, आणि वर गावाचं नाव लिहायचं.